मागच्या घराची वाट

अंगणात मोहफुलं वाळत घातली की त्यांचा गोड, आंबूस वास घरभर पसरतो आणि मला धानोऱ्याला आम्ही घर बांधायला काढलं तो उन्हाळा आठवतो. एका सकाळी मिस्त्री कंपाउंडसाठी चर खणत होता. तेवढ्यात मागच्या घरातली म्हातारी जंगलातून टोपलीभर मोहफुलं वेचून आली आणि चरापाशीच थांबली. "भाऊ, भिंत बांधून राह्यले काय?" तिने माझ्या नवऱ्याला विचारलं, "मंग आमी कुठून जावाचं? मागं तर नाला हाय." तिच्या घराला खरंच दुसरी वाट नव्हती, आणि प्लॉट विकणाऱ्याने आम्हाला ते सांगितलंच नव्हतं. नवऱ्याचा चेहरा उतरला, कारण वाट सोडली तर स्वयंपाकघर निम्मं होणार होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही बसने गडचिरोलीला वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, "जागा तुमची, पण वहिवाट त्यांची. प्लॉट कितीदाही विकला तरी वाट राहतेच." परतताना नवरा बसच्या खिडकीतून सागाची झाडं बघत होता. उतरल्यावर मात्र थेट मिस्त्रीकडे गेला. "हा चर बुजवा भाऊ, बैलगाडी जाईन एवढी जागा सोडा." ते ऐकून चरापाशी आलेली म्हातारी मला म्हणाली, "मले तर वाटलं बाई, आता आमचा बैल घरातच म्हातारा होते!" आम्ही सगळेच पोट धरून हसलो. आता मुलगा घर वाढवायचं म्हणतो. परवा नकाशा काढायला बसला, तेव्हा त्याने सगळ्यात आधी ती वाट आखली.