ढवळूने न नाचवलेलं सोंग

पोशेऱ्याच्या फाट्यावर चहाच्या पहिल्या घोटाबरोबर कळतं, की ढवळूने बापजाद्यांचा वेताळ विकला. मिशनवाल्यांनी घेतला, फॉरेनला धाडला, आणि ढवळूच्या दारात मोटरसायकल आली. दुसऱ्या घोटाला मोटरसायकल लाल होते.

खरं एवढंच, की ढवळूकडे टायर आहे, पण ते त्याच्या चपलांच्या तळाला. वेताळ कुठेच गेला नव्हता. बोहाड्याच्या उत्सवात रात्रभर देवांची सोंगं नाचतात आणि एकेक सोंग एकेका घराण्याचं असतं. ढवळूच्या घराण्याकडे वेताळाचा मुखवटा. बापामागे त्याने तो सात वर्षं नाचवला. मग बायको सरूबरोबर तो येशूचा झाला, आणि मुखवटा आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आढ्याला टांगला. रविवारी जव्हारहून प्रार्थनेला येणारे पास्टर म्हणाले, जाळ. गाव म्हणालं, नाचव. ढवळूने दोघांचंही ऐकलं नाही, म्हणून शिव्या त्याला दोन्हीकडून मिळत. अशी अकरा वर्षं गेली.

मग प्रतीक्षा हरवली. ही त्यांची एकुलती एक लेक, एकोणीस वर्षांची. दिवाळीनंतर मुकादमाच्या गाडीतून भिवंडीकडे गोदामात खोकी भरायला गेली. दर रविवारी फोन यायचा, माघात बंद झाला. ढवळू शोधत गेला. रखवालदार तंबाखू मळत म्हणाला, "चाचा, यहाँ सौ लड़की आती है, सौ जाती है. किसका नाम याद रखूँ?" मुकादमाने एकदाच फोन उचलला, "ती तर कधीच निघाली," म्हणाला, आणि त्यानंतर नंबरच लागेना. मोखाड्याच्या चौकीतल्या साहेबाने मान वर न करता विचारलं, "कोणाबरोबर गेली असेल, काही अंदाज?"

बोहाडा जवळ आला, तसा गावाने निकाल दिला. चुलतभाऊ धोंडी ओटीवर टेकत म्हणाला, "वेताळ अकरा वर्सं उपाशी ठेवलास ढवळ्या. उपाशी माणूस शेजाऱ्याचं खातो. हा देव हाये, त्यानं घरचंच खाल्लं." पाण्याच्या पंपावर आम्ही बाया-पोरी सरूला ऐकू जाईल अशा बेताने बोलायचो. "येशूला भिवंडीचा रस्ता सापडत नसंल गं. लय खड्डे तिकडं."

रविवारी गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पास्टरांनी बोट रोखलं. "घरात सैतान टांगता, ब्रदर, आणि देवाकडे लेकरू मागता? विश्वासात खोट आहे!" चाळीस माना ढवळूकडे वळल्या आणि चाळीस तोंडांनी "आमेन" म्हटलं. भिवंडीत लागलं नव्हतं इतकं त्याला ते आमेन लागलं.

घरी आल्यावर सरूने वाट अडवली. "पोरीच्या बा, एकदाच नाच. येशूला मी सांगन. त्यालाबी आई व्हती, त्याला कळंल."

"अन् नाचून नाय आली तर?"

"तर म्हनन, बापानं जमंल ते केलं. आता काय म्हनू? पोरीपरीस तुला तुझा स्वर्ग मोठा!"

ढवळूने मुखवटा खाली काढला. एक सुळा उंदरांनी कुरतडला होता. मांडीवर ठेवून तो बघत बसला. गावात संबळाची तालीम चालली होती, आणि त्याची टाच आपोआप जमिनीवर पडू लागली. पायांना कोणी बाप्तिस्मा दिला नव्हता. त्याने हाताने गुडघा दाबून धरला. "प्रभू, काय तरी बोल," तो म्हणाला. बोलला तो संबळच.

बऱ्याच वेळाने त्याने मुखवटा पुन्हा लुगड्यात बांधून आढ्याला टांगला. "भेऊन नाचलो," तो सरूला म्हणाला, "तर पोर आली तरी घर भेवातच राहंल. माज्याकडून व्हनार नाय." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चौकीत विचारायला मोखाड्याला गेला, तेव्हा सरूने मुखवटा काढून धोंडीच्या हातात दिला.

बोहाड्यात उजाडताना वेताळ निघाला. सरू आरती घेऊन सगळ्यांच्या मागे उभी होती. ढवळू उंबऱ्यावर बसून ऐकत होता. धोंडीचं पाऊल कुठे कुठे चुकतंय, ते त्याला न बघता कळत होतं, आणि तेवढ्या वेळात त्याने एकदाही डोळे मिटून प्रार्थना केली नाही. पोर येईल, असं त्यालाही वाटत होतं.

आठ दिवस सगळा पाडा फाट्याकडे डोळे लावून बसला. जीप थांबली की सरू पदर सावरत बाहेर यायची. एकदा कंपाउंडर उतरला, एकदा बोकड. नवव्या दिवशी गावाला उमगलं, "वेताळाला थोरल्या घरचाच पाय लागतो. धोंडीचा कसा चालंल?" म्हणजे तेही ढवळूच्याच डोक्यावर. तेव्हापासून सरू भाकरीचं ताट पुढे सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

प्रार्थनेत दर रविवारी साक्ष द्यायची रीत आहे. उठायचं आणि प्रभूने या आठवड्यात काय दिलं ते सांगायचं. कोणाचा खोकला गेलेला असतो, कोणाच्या शेळीला दोन करडं झालेली असतात. ज्याला काही मिळालं नाही तो बसून राहतो. मी या सगळ्यांच्या साक्षींची नक्कल पंपावर करून दाखवते, बायका हसून लोळतात. एका शनिवारी मी ढवळूची केली. उठले, तोंड उघडलं, आणि तसंच मिटून खाली बसले. हसू आलं नाही म्हणून मागे पाहिलं, तर ढवळू बादली घेऊन उभा.

मी कसली ओशाळते! "काका, उद्या साक्षीला उठलास तर माझा कोंबडा तुझा."

"लाल तुऱ्याचा?"

"तोच."

"बघाया ये."

मी शेडच्या खिडकीला लटकून पाहिलं. करडांची साक्ष संपली आणि ढवळू उठला. "प्रभू, माझी पोर कुठं हाये मला ठाव नाय. गावाला नाय, पास्टरांनाबी नाय. तुला ठाव हाये. म्हंजे कुनाला तरी ठाव हाये. तेवढ्याचा उपकार." चाळीस तोंडांतून एकही आमेन निघालं नाही. सरूने मान वर केली नाही.

संध्याकाळी तो माझ्या दारात आला. येशूचा माणूस, एका कोंबड्यासाठी काय अडून बसतोय, असं मला वाटलं होतं. त्याने माझा कोंबडा पायांना धरून उलटा टांगला आणि म्हणाला, "पैज म्हंजे पैज, पोरी."