होडीत माती

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, भरदुपारी, खाडीकाठी माझ्या थोरल्या बहिणीवर, रेवतीताईवर, अन्याय झाला. तिला खोल समुद्रात जायचं आहे, पार लक्षद्वीपपर्यंत. नवी होडी परवडत नाही, म्हणून किनाऱ्यावर चढवून ठेवलेली एक जुनी, छोटी शिडाची होडी बघायला आम्ही गेलो होतो. माठ घेताना वाजवून बघतात, तशी ताई बोटाच्या पेरांनी होडी वाजवत फिरली. रंग उडालेला, शीड विटलेलं. पण बूड सगळीकडून खणखणीत बोललं.

होडीचे मालक मात्र माझ्याशीच, तिच्या धाकट्या भावाशीच, बोलत होते. "ताईंना पोहता येतं का हो?"

"काका, तुम्हाला येतं?" ताईनं विचारलं.

"मला कशाला? मी कुठं जातोय?"

शेवटी त्यांनी होडी एका हॉटेलला द्यायचं ठरवलं. तिच्यात माती भरून शेवंती लावणार म्हणे. "निदान शोभेला तरी राहील," ते मलाच म्हणाले.

वाऱ्यानं एक सैल दोर डोलकाठीवर टकटक आपटत होता. तो आवाज अजून कानात आहे, आणि मला एका जागी बसवत नाही. धडधाकट असलेल्याला आपण असंच शोभेला बसवतो, कधी वय झालं म्हणून, कधी बाई आहे म्हणून, आणि वर त्याला जपणं म्हणतो. ताई तर तेव्हापासून घरातली दारंसुद्धा येताजाता वाजवते.

तुमच्या परसात अशी एखादी होडी पडून असेल, तर तिच्यात माती भरू नका. आधी माझ्या ताईला ती वाजवून बघू द्या.