किल्लेदारकाकांचा सत्कार

तुम्ही एवढं विचारताय तर सांगते, पण हसायचं ते शेवटी. मधेच हसलात तर मी गप्प बसेन, आणि गप्प बसण्यात माझा हात कुणी धरत नाही. या सगळ्या घोळाचं मूळही तेच आहे.

मला एका खेळाचं वेड आहे. कॉम्प्युटरवरचा. आपण राजा, समोर दुसरा राजा. एक डाव आपला, एक त्याचा. आपल्या डावात शेत पिकवा, तटबंदी बांधा, सैन्य हलवा, आणि झालं की कोपऱ्यातलं ‘डाव संपवा’ दाबा. मग समोरच्याची पाळी. कुठं घाई नाही, गडबड नाही, कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही. माझ्यासारखीला अजून काय पाहिजे?

कॉलेजच्या लॅबमध्ये शिकले आणि मोबाईलवरच्या एका मराठी ग्रुपात लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायला लागले. घोडदळ कधी घ्यावं, विहीर आधी की बुरूज आधी, असलं सगळं. नाव ठेवलं होतं ‘किल्लेदार’ आणि फोटो बुरुजाचा. उत्तरं मी मोजकी द्यायचे. ‘आधी धान्य, मग भाले.’ ‘शेजाऱ्यावर विसंबू नये.’ आता असं बोलणारा माणूस मिशीवाला आणि पेन्शनीत निघालेलाच असणार की नाही? ग्रुपनं मला काका करून टाकलं. मी म्हटलं, असू दे. माझं वय तेवीस.

माहेर माझं भोंगवलीचं, लग्न होऊन आले भोरात. पहिल्याच आठवड्यात आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला लॅपटॉपसमोर वाकलेली पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं, “आमची सून परीक्षेचा अभ्यास करती, सरकारी.” मी काहीच बोलले नाही. तेव्हापासून मी लॅपटॉप उघडला की आत्या टीव्हीचा आवाज बंद करतात आणि ओठांच्या हालचालींवर मालिका बघतात. तुम्हीच सांगा, आता खरं कसं सांगायचं?

राहिले सासरे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होते, माझ्या लग्नाआधी दोन महिने निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ ठरला होता, पण साहेबांना अचानक पुण्याला बैठक लागली. शाल आणि नारळ आणलेले होते म्हणे, पण ते कपाटात, आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. मामा संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी आले, ते अजून तसेच आहेत असं आत्या म्हणायच्या. “बत्तीस वर्षं घासली. एक नारळ न्हाई दिला कुणी.” हे ऐकलं की मामा पेपर उंच धरायचे.

आता माझा गाढवपणा. ग्रुपात कापूरहोळचा एक सोमनाथ आहे. त्याचं हायवेला गॅरेज. त्यानं मला लिहिलं, “काका, तुमच्यासाठी नवा माऊस घेतलाय, चांगल्यातला. पत्ता द्या.” माझ्या माऊसचं डावं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नव्हतं. मी पत्ता दिला. पिठाच्या गिरणीसमोर, दारावर पाटी आहे. पाटी अर्थातच मामांच्या नावाची.

पार्सल येईल असं मला वाटलं होतं. आली तीन माणसं, जीप घेऊन. हातात ताट, ताटात शाल, नारळ, फेटा आणि एका बाजूला माऊसचा खोका.

दार मामांनी उघडलं. सोमनाथ सरळ त्यांच्या पायाशी वाकला. “काका, तुमी नसता तर आमचं काय खरं नव्हतं.”

सत्कार करायला आलेल्या माणसाला ‘कशाबद्दल’ असं विचारायची आपल्याकडं पद्धत नाही. ‘कशाला उगाच’ म्हणायचं आणि मान पुढं करायची. मामा म्हणाले, “कशाला उगाच,” आणि त्यांनी मान पुढं केली.

मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. फेटा बांधला जात होता. आत्या भिंतीला टेकून पदरानं डोळे पुसत होत्या. गिरणीतली दोन माणसं दारात येऊन टाळ्या वाजवत होती. आणि मामांचा चेहरा… लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा त्यांचा असा फोटो नाही. आता त्या क्षणी ‘थांबा, काका मी आहे’ असं म्हणायचं होतं का मी? चहा दिला. साखर पुरे का विचारलं.

“आमाला लई आधार तुमच्या सल्ल्याचा,” सोमनाथ म्हणाला.

“नियमात बसेल ते केलं. माझं कर्तव्यच होतं,” मामा म्हणाले. कचेरीत ज्यांचे अर्ज त्यांनी मार्गी लावले त्यातलेच हे कोणी, अशी त्यांची समजूत.

“रविवारी कापूरहोळला या काका. आमची मंडळी जमणारेत. दोन शब्द बोला, आन् आमची एक अडचण हाय तेवढी सोडवा. अख्ख्या घरानं यायचं.”

माऊसचा खोका मामांनी उघडून पाहिला, उलटा केला आणि मला दिला. “सूनबाई, तुमच्या अभ्यासाला.”

रविवारपर्यंत चार दिवस होते. मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. गुरुवारी… नको, गुरुवारचं जाऊ द्या. एकदा खरंच गेले बोलायला, तर मामा जमाखर्चाच्या जुन्या वहीमागं भाषण लिहीत होते. म्हणाले, “सूनबाई, ‘आपण माझी आठवण ठेवलीत’ बरं वाटतं, का ‘मला विसरला नाहीत’?” मी म्हटलं, दुसरं. आणि परत आले. ह्यांना सांगितलं, तर हे शिरवळच्या कंपनीतून आल्या आल्या पोट धरून हसले आणि म्हणाले, “रविवारी माझी शिफ्ट आहे बाबा, तुझं तू बघ.” नवरा म्हणून त्यांनी केलेली मदत ती एवढीच.

रविवारी आम्ही तिघं कापूरहोळला गेलो. मामा कोट घालून, वर तीच शाल. बाहेर ऊन असं की डांबराला वास सुटलेला. गॅरेजच्या वरच्या खोलीत पंधरा-वीस जण बसले होते. समोर भिंतीएवढा पडदा आणि पडद्यावर आमचा खेळ. मामांनी भाषणाचा कागद काढला.

“भाषण मागनं काका,” सोमनाथ म्हणाला. “आधी ह्ये बघा. घाटाखालच्या ग्रुपासंगं सामना चाललाय. दीड महिना खेळतोय. राजधानीला वेढा पडलाय आन् आता डाव आपला. तुमी म्हणाल तसं.”

आणि माऊस मामांच्या हातात दिला.

मामांनी पडद्याकडं पाहिलं. छोटे छोटे घोडे, तंबू, झेंडे. मग माऊसकडं पाहिलं. मग सगळ्या खोलीला ओलांडून माझ्याकडं. मी सांगते, इतक्या लांबून माणूस इतकं स्पष्ट विचारू शकतो हे मला माहीत नव्हतं.

मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या खोलीत स्वतःहून बोलले. “मामा, चष्मा घरी राहिला ना तुमचा? तुम्ही सांगा, मी दाबते.” चष्मा त्यांच्या खिशात होता. खिशावर त्यांनी शाल ओढून घेतली.

मामा खुर्चीत बसले आणि त्यांनी कचेरीतला आवाज काढला. “आपल्याकडं काय शिल्लक आहे?”

“तीनशे भालेवाले, चाळीस घोडी. धान्य धा डावांचं.”

“समोर?”

“नऊशे.”

“त्यांचं धान्य?”

“त्ये दिसत न्हाई काका.”

मामांनी बोटं जुळवली, डोळे मिटले. खोलीत पंख्याचा आवाज. “आज काही करायचं नाही,” ते म्हणाले. “उद्या बघू.”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. संपलं, म्हटलं. आता कुणीतरी विचारणार, काका, तुम्हाला खेळता येतं ना? आणि शाल, फेटा, आत्यांचे पुसलेले डोळे, सगळं या खोलीत जमिनीवर येणार. मला ते वाचवायचं होतं. आणि मला पूर्वेचा दरवाजा दिसत होता. चाळीस घोडी तिथून काढायची, त्यांच्या तोफा जाळायच्या, परत आत. हा उपाय मी स्वतः तीन वेळा लिहिला होता, ‘वेढ्यात बसून राहणारा राजा उपाशी मरतो’ असं ठसक्यात. मी कोण, किल्लेदार. मामांना काय कळतंय?

मी दरवाजा उघडला, घोडी सोडली आणि ‘डाव संपवा’ दाबलं.

त्या माऊसचं बटण फारच चांगलं होतं. एका दाबात सगळं झालं. घोडी तोफांपर्यंत पोचलीच नाहीत, दरवाजा उघडाच राहिला आणि समोरच्यांची पाळी येताच नऊशे माणसं त्यातून आत शिरली. पडद्यावर आमचा झेंडा खाली आला. मग खेळाच्या रीतीप्रमाणं विजेत्याचा हिशेब उघडला. त्यात एक ओळ होती. शत्रूचं धान्य, शून्य. एक डाव आम्ही नुसते गप्प बसलो असतो, तर ते उपाशीपोटी उठून घरी गेले असते.

मागून एकजण हळूच म्हणाला, “काका तर म्हणले व्हते, आज काय करायचं न्हाई.”

“व्हय की,” सोमनाथ म्हणाला. त्याचा दीड महिना गेला होता, पण आवाजात नुसता आदर. “धान्य दिसत नसताना वळखलं. आन् वहिनी, तुमी काय केलं ह्ये?”

मला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. आत्या होत्या ना. “हिचं घरातबी असंच हाय,” त्या सगळ्या खोलीला म्हणाल्या. “दुधावर नुसतं ध्यान ठेव म्हणलं, की ही गॅस मोठा करती.”

“असू द्या, नवीन आहेत,” मामा म्हणाले, आणि उभं राहून त्यांनी भाषण केलं. ‘मला विसरला नाहीत’ला तर टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

परतीला एसटी मिळाली. आत्या पुढं बायकांच्या सीटवर. मामा माझ्या शेजारी, शालीची घडी मांडीवर.

थोड्या वेळानं म्हणाले, “ते काका कोण?”

“मी,” मी म्हटलं. आणि मग जे चार दिवस सांगता आलं नाही ते दोन मिनिटांत सांगून टाकलं. परीक्षेचंसुद्धा.

मामा खिडकीबाहेर बघत राहिले. “म्हणजे शाल तुमची.”

“नाही मामा, तुमचीच. आज तुम्ही बरोबर होतात. पण तुम्हाला कळलं कसं?”

“मला त्यातलं काहीच कळलं नाही,” ते म्हणाले. “म्हणून तर. बत्तीस वर्षं हेच केलं. पुढं आलेला कागद कळला नाही, तर त्या दिवशी त्याच्यावर सही करायची नाही.”

भोर आलं तेव्हा त्यांनी शाल परत खांद्यावर घेतली. स्टँडवर ओळखीचं कुणी भेटलं तर असावी म्हणून.

घरी येऊन मोबाईल बघितला. ग्रुपवर सोमनाथचा मेसेज होता, सगळ्यांसमोर. “काका, राग मानू नका. वहिनी मनानं चांगल्या असतील. पण पुढच्या टायमाला तुमी एकलेच या.”

खोलीबाहेर मामा गिरणीवाल्याला भाषण पहिल्यापासून सांगत होते. मी ते थोडं ऐकलं. मग किल्लेदारकाकांच्या नेहमीच्या मोजक्या भाषेत उत्तर लिहिलं, “बरोबर आहे. तिला खेळातलं काही कळत नाही.”

तीन वर्षांत माझ्या कुठल्याच उत्तराला एवढे अंगठे मिळाले नव्हते.