हात वर गेला आणि एसटी थांबली

मंडळी, खांद्याच्या ऑपरेशननंतर आज पाच महिन्यांनी पळायला निघालो. न थांबता दोन किलोमीटर, एवढंच ठरवलेलं.

अक्कलकोट रोडला मागनं एसटी आली. पळणारा माणूस बघून कंडक्टर मावशी दारातनं ओरडल्या, "यायचंय का रं?"

नको म्हणायला हात हलवला, तर तो थेट डोक्याच्या वर! ऑपरेशन झाल्यापासनं कानापर्यंतसुद्धा जात नव्हता. मी थांबून हाताकडंच बघत राहिलो. एसटीही थांबली.

"मावशी, मी पळतोय फक्त."

"मग हात कशाला केलास? चढ की आता!"

अख्खी गाडी बघत होती. लाजंनं चढलो.

गाडी थांबली ती थेट अक्कलकोटलाच. तिथनं आईला फोन केला. "आई, हात वर गेला!"

"लई बरं झालं. पण तू हाईस कुटं?"

आता तुम्हीच सांगा, आईला काय सांगू?