वाफशावरचा अर्ज

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की उमरग्यातलं ते नेट कॅफे आठवतं. बारावीनंतर कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख मी कॅलेंडरवर गोल करून ठेवली होती. त्याच दिवशी जायचं म्हणून. कधी शाळेत न गेलेली आई खवळली, "पेरायला शेवटच्या दिसाची वाट बघत्यात व्हय गं? रान वाफशावर आलं, पेरण्याजोगी ओल झाली, की पेरायचं!" आणि आठ दिवस आधीच तिनं मला तिथं ओढत नेलं. तिथं कळलं, जातीचा दाखला लागतो, अन् माझ्याकडं तो नव्हताच. तहसीलीत खेटे घालून सातव्या दिवशी दाखला हातात पडला, अर्ज वेळेत गेला. परवा भाचीनं तिच्या अर्जाची शेवटची तारीख कळवली. मी कॅलेंडरवर त्या तारखेच्या आठ दिवस आधीच्या चौकटीत लिहिलं, 'वाफसा'.