पाणी त्याहून जुनं आहे

दूधवाल्याचं माप भरलं की बाई गुडघ्यांत वाकायच्या आणि एक डोळा मिटून दुसरा अगदी दुधाच्या पातळीला आणायच्या. "वरून बघितलं की माणूस फसतो," त्या म्हणायच्या.

दूधवाला वैतागायचा. "बाई, निदान म्हशीवर तरी विश्वास ठेवा!"

"म्हशीवर आहेच हो."

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत त्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत आणि शाळेत विज्ञान शिकवत. शाळा सुटली तरी त्यांचं शिकवणं सुटत नसे. असे शेजारी तुम्हीही पाहिले असतील. एका हळदीकुंकवाला त्यांनी काठोकाठ भरलेल्या पेल्यात एकेक टाचणी सोडायला घेतली. "सांगा, कितव्या टाचणीला सांडेल?" कुणी म्हणालं दुसऱ्या, कुणी पाचव्या. पाणी काठाच्या वर फुगून उभं, पण सांडेना. टाचण्या संपल्या तेव्हा बायकांनी पदराच्या पिना काढून दिल्या. माझी आई दोन्ही हातांनी पदर सावरत घरी आली. वाण तिथंच विसरली होती.

आणीबाणी उठली त्या वर्षी आमच्या अंगणात फरशी बसली. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. त्या संध्याकाळी बाई प्रयोगशाळेतली लांब पारदर्शक नळी घेऊन खाली आल्या. नळीत पाणी भरलं, एक टोक मला गटारापाशी उभं धरायला लावलं, दुसरं स्वतः आमच्या उंबऱ्यापाशी धरलं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहिलं. दोन्हीकडे तिथून फरशीपर्यंत त्यांनी पट्टीनं मोजलं आणि त्यांचा चेहरा बदलला. गटाराकडची फरशी दोन बोटं उंच होती. म्हणजे पावसाळ्यात अंगणातलं सगळं पाणी तळमजल्याच्या चार घरांत येणार.

कंत्राटदार हसला. "बाई, पंचवीस वर्षं हेच काम करतोय."

"पाणी त्याहून जुनं आहे."

"असं? ओता रे चार बादल्या!"

पाणी क्षणभर मध्येच घुटमळलं. मग शांतपणे वळलं आणि आमच्या दाराकडे निघालं. वाटेत कंत्राटदाराच्या कोऱ्या चपला भिजवून थेट आत शिरलं. आतून आई ओरडली, "अहो, माझे निवडलेले गहू!" कंत्राटदार अनवाणी धावला आणि गोणपाट घेऊन आमच्या उंबऱ्यात बसला.

म्हातारा गवंडी पुटपुटला, "म्या तवाच सांगितलं व्हतं, सायेब."

"तू गप रे!"

"त्यांना गप करू नका," बाई म्हणाल्या. "फरशी पुन्हा त्यांनाच बसवायचीय."

उखडलेली फरशी पुन्हा बसेपर्यंत आठ दिवस बाई शाळेतून आल्या की अंगणात उभ्या असायच्या. गवंड्यासाठी चहा त्यांच्याकडूनच यायचा. न राहवून मी विचारलं, "बाई, तुमच्या दुसऱ्या मजल्यावर कधी पाणी येणार होतं?"

"अरे, माझं सांडपाणी तुमच्याच अंगणात उतरतं ना!"

पुढं काही वर्षांनी निवृत्त होऊन त्या धुळ्याला भावाकडे गेल्या. निघाल्या त्या सकाळी आई अंगण धूत होती. तिला थांबायची खूण करून, हातात ट्रंक आणि साडी जराशी उचललेली, अशा त्या ओल्या फरशीवरून पलीकडच्या कोरड्या पायवाटेवर आल्या. पायवाटेवर फाटकापर्यंत त्यांची ओली पावलं उमटली. रिक्षावाल्यानं ट्रंक बांधली, बाईंनी आईचा हात हातात धरला, मग हात हलवला. रिक्षा दिसेनाशी झाल्यावर मी खाली पाहिलं, तर पावलं वाळूनही गेली होती.