हुदाच्या हातात माइक

मंडळी, दुपारपासून माझी चिडचिड होतेय, म्हणून लिहितेय.

कार्डिफमध्ये पॅलेस्टिनी लोकांसाठी आमची एक छोटी संस्था आहे, सगळे स्वयंसेवकच. इथे आलेल्या कुटुंबांना मदत करतो, थोडे पैसे तिकडेही पाठवतो. आज निधीसाठी जेवण ठेवलं होतं. गाझाहून आलेली हुदा स्वयंपाक करणार होती. तिची बहीण अजून तिकडेच आहे. हुदानं आधीच सांगितलं होतं, "मी रांधेन, पण भाषण करणार नाही."

जेवणाच्या वेळी तिनं, त्यांच्याकडच्या पद्धतीप्रमाणे, मोठं पातेलं सगळ्यांसमोर परातीत उपडं केलं. भात, वांगी, चिकन, सगळे थर न मोडता अखंड उतरले. टाळ्या पडल्या. कितीतरी दिवसांनी हुदा हसली.

तेवढ्यात आमच्या अध्यक्षबाईंनी तिच्या हातात माइक दिला. "दोनच मिनिटं, डार्लिंग. बहिणीबद्दल बोल. लोक मग जास्त देतात."

हुदाचं हसू मावळलं. मी उठून तिच्यापर्यंत पोचायच्या आत ती माइकमध्ये म्हणाली, "भात गार होतोय. जेवून घ्या." आणि वाढायला लागली.

नंतर बाई मला म्हणतात, "माझा हेतू चांगलाच होता." असेलही.

पण मला सांगा, समोरच्यानं रडून दाखवल्याशिवाय आपला हात खिशात जातच नाही का?